होडीच्या मापाचे मशीन

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्याच्या किनाऱ्यावर मासेमारीचा जो छोटा पसारा आहे, तो सोळा ते बावीस फुटी होडीवर चालतो. होडी लाकडी असो की फायबरची, तिच्यात दोन-तीन माणसे, जाळ्यांचा ढीग, बर्फाचा डबा आणि मागच्या फळीवर अडकवलेले पेट्रोलचे आउटबोर्ड मशीन एवढाच संसार असतो. हे मशीन बदलायची वेळ आली की बंदरावर पहिला प्रश्न निघतो तो एचपीचा. शेजाऱ्याने आठचे घेतले तर आपण पंधराचे घ्यावे, पंधराचे परवडत असेल तर पंचविसाचे का नको, अशी चढती भाजणी सुरू होते. माझे म्हणणे असे की हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा आहे. होडीला किती ताकद लागेल हे तिची लांबी आणि तिचे भरलेले वजन यांनी आधीच ठरवून टाकलेले असते. आपल्या हातात उरते ते त्या ताकदीचे पाण्यात काय करायचे हे ठरवणे, आणि ते काम पाण्याखालचा पंखा करतो. जाळी टाकणाऱ्या होडीला बेताच्या ताकदीचे, पण मोठ्या आणि सावकाश फिरणाऱ्या पंख्याचे मशीन द्यावे. त्याहून जास्त एचपीवर घातलेला पैसा बहुतांशी लाटा उठवण्यात जातो.

आधी वल्ह्यांचा हिशेब करून पाहावा. तासन्‌तास वल्ही मारणाऱ्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट ताकद निघते, म्हणजे एका एचपीचा सातवा-आठवा भाग. दोन माणसे वल्ह्यांवर बसली तरी पाव एचपीच्या आसपासच सगळा खेळ, आणि तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या खाडीबाहेर जाऊन परत आल्या आहेत. मूळच्या नॉर्वेच्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात विकायला काढलेले मशीन जेमतेम दीड एचपीचे होते, तरी ते लोकांनी उचलून धरले. आज लहान म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते ते सहा एचपीचे मशीन दोन वल्हेकऱ्यांच्या वीसएक पट ताकदीचे असते. मग होडी वीसपट का पळत नाही?

उत्तर पाण्यात आहे. होडी पुढे सरकते तेव्हा तिच्या नाळेपाशी एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढेल तशी या दोन लाटांमधली लांबी वाढत जाते. एका वेगाला ती बरोबर होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी होते, तेव्हा होडी स्वतःच उठवलेल्या लाटांच्या दरीत अडकते आणि त्यापुढे तिला पुढच्या लाटेचा चढ चढावा लागतो. हा वेग काढायचे सूत्र नौकाबांधणीत जुने आहे: पाण्यातल्या लांबीचे फूट घ्यायचे, त्यांचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे, म्हणजे नॉट मिळतात. पाण्यात १६ फूट असलेल्या होडीला ही मर्यादा ५.४ नॉट येते, १८ फुटांना ५.७ आणि २० फुटांना ६. सहा नॉट म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. या सीमेच्या जवळ जाताना पाण्याचा विरोध असा उसळतो की मशीनची ताकद दुप्पट केली तरी वेग अर्धा-पाऊण नॉटच वाढतो. बाकीची ताकद होडीच्या मागे उठणाऱ्या पांढऱ्या लाटेत दिसते, आणि ती लाट उठवायला आपण पेट्रोल विकत घेतलेले असते.

सीमेच्या अलीकडेही हिशेब डोळ्यांत भरण्यासारखा आहे. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते, आणि मर्यादेजवळ त्याहूनही जोरात. सहा नॉटांवरून पाचांवर आले तर तासाचे पेट्रोल सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरते. तेच अंतर कापायला वेळ जास्त लागतो हे धरले तरी फेरीमागे तीस टक्के वाचतात. पाच सागरी मैलांवरच्या जाळ्यापर्यंत सहा नॉटांनी पन्नास मिनिटे लागतात आणि पाच नॉटांनी साठ. दहा मिनिटांसाठी जवळजवळ एक तृतीयांश इंधन, असा हा सौदा आहे. लिलावाला जो आधी पोहोचतो त्याला भाव मिळतो, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका लेखत नाही. सकाळच्या बाजारात पहिल्या पाट्यांचा भाव वेगळा असतो. पण त्यासाठी जास्त एचपी घेणारा माणूस ती दहा मिनिटे जाताना आणि येताना, रोज, वर्षभर विकत घेत असतो. दहा मिनिटे लवकर निघण्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा आक्षेप फायबरच्या होड्यांवरून येतो. सपाट तळाची हलकी बोट जोर लावला की पाण्यावर उचलली जाते आणि मग लाटेची मर्यादा तिला लागू राहत नाही. मालवण-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी अशाच पळतात. हे होते, पण वजनाच्या हिशेबात. बोट अशी उचलली जायला साधारण वीस-पंचवीस किलो वजनामागे एक एचपी लागते, असा अनुभवाचा आडाखा आहे. दहा एचपीत त्यामुळे फार तर अडीचशे किलो उचलले जातील. मासेमारीच्या होडीचे नुसते धड त्याहून जड असते. वर दोन-तीन माणसे, भिजलेली जाळी, बर्फ आणि मासळी धरली की सातशे किलोपासून टनापर्यंत आकडा सहज जातो. तेवढे वजन पाण्यावर पळवायला तीस-चाळीस एचपी लागेल आणि ते तासाला दहा-पंधरा लिटर पिईल. मासळी भरून परत येताना, म्हणजे वेगाची गरज असते तेव्हाच, होडी सर्वांत जड झालेली असते आणि पुन्हा पाण्यात बसते. पर्यटकांची बोट आणि जाळ्यांची होडी दिसायला सारख्या असल्या तरी एकीला लावलेले मशीन दुसरीला शोभत नाही.

आता पंखा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात: पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा घट्ट पदार्थात स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात किती पुढे गेला असता ते अंतर. नऊ-दहा एचपीच्या नेहमीच्या मशीनवर कारखान्यातून नऊ इंचांच्या आसपास पिचचा पंखा येतो, कारण त्याचा जगभरचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे हलकी रबरी किंवा ॲल्युमिनियमची बोट. अशा मशीनचा गिअर सुमारे दोनास एक असतो. यामाहाच्या साध्या ९.९ एचपीत तो २.०८ आहे. मशीन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल तर पंखा चोवीसशे फेरे घेतो, आणि नऊ इंच पिचने त्याला घसरण नसती तर पावणेअठरा नॉट मिळाले असते. आपली होडी जाते साडेपाचने. म्हणजे दोन तृतीयांश फेरे पाणी घुसळण्यात जातात. त्याच कंपनीच्या त्याच ताकदीच्या हाय-थ्रस्ट मशीनचा गिअर २.९२ आहे. त्याचा पंखा सतराशे फेऱ्यांनीच फिरतो, म्हणून त्याला पावणेबारा इंच व्यासाचा मोठा पंखा पेलतो. अशा पंख्याला साडेसहा इंच पिच दिले तर घसरण नसतानाचा वेग नऊ नॉट येतो आणि घुसळण बरीच उतरते. एचपी तेवढेच, पेट्रोल तेवढेच, पण होडीला लागणारा रेटा जास्त. भरलेला ट्रक घाटात चौथ्या गिअरमध्ये घालून रेस देणे आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढवणे, यांतला हा फरक आहे.

यामागचे कारण साधे आहे. पंखा पाणी मागे ढकलतो म्हणून होडी पुढे जाते. रेटा मिळतो तो ढकललेले पाणी आणि त्याचा वेग यांच्या गुणाकारातून. ताकद खर्च होते ती मात्र वेगाच्या वर्गाने. त्यामुळे थोडे पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा जास्त पाणी सावकाश ढकलणे नेहमीच स्वस्त पडते, आणि जास्त पाणी पकडायला व्यास हवा. विक्रेत्याच्या दुकानात हे कोणी सांगत नाही. मशीनच्या झाकणावरचा एचपीचा आकडा लांबून वाचता येतो, गिअरचा आकडा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर असतो. मला विचाराल तर खरेदीला गेलेल्या माणसाने आधी तेच पान उघडावे.

तरीही अनुभवी तांडेल म्हणेल की वारा समोरून लागला आणि ओहोटी जोरात असली की हाताशी जास्तीची ताकद हवी. सुरक्षेचा मुद्दा असल्याने हा आक्षेप सर्वांत वजनदार. वाऱ्याविरुद्ध होडीचा वेग आधीच पडलेला असतो, तिथे कामाला येतो तो मंद वेगावरचा रेटा, आणि तो मोठ्या पंख्याच्या आठ एचपीकडे लहान पंख्याच्या पंधराइतका किंवा त्याहून बरा असू शकतो. ओहोटीचे गणित वेगळे आहे. खाडीच्या मुखातून पाणी तीन नॉटांनी बाहेर येत असेल तर साडेपाच नॉटांची होडी किनाऱ्याच्या हिशेबात अडीच नॉटांनी आत शिरते. पंचवीस एचपी लावले तर लाटांच्या मर्यादेमुळे साडेतीनाने शिरेल, एवढाच लाभ. इथे मशीनपेक्षा घड्याळ जास्त उपयोगी आहे, आणि कोकणाला ते घड्याळ तोंडपाठ आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे. परतीची वेळ चढत्या पाण्याला धरली तर तेच तीन नॉट आपल्या बाजूने होतात. उधाणाच्या दिवसांत हा विचार केला नाही तर मोठे मशीनही दमते. तरीही थोडी राखीव ताकद हवी हे मी मान्य करतो. म्हणून माझा आडाखा असा: खाडीत आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्या सोळा फुटी, पाच-सहाशे किलोच्या होडीला पाच-सहा एचपी, उघड्या समुद्रात जाणाऱ्या वीस-बावीस फुटी, टनभर वजनाच्या होडीला आठ ते दहा. यातच निम्म्याहून थोडी कमी ताकद संकटासाठी शिल्लक राहते.

वजन हा मुद्दा एचपीच्या गर्दीत मागे पडतो. कंपन्या प्रत्येक एचपीसाठी वेगळे मशीन बनवत नाहीत. एकच धड घेऊन त्यावर तीन आकडे चिकटवतात. चार, पाच आणि सहा एचपीची चार-स्ट्रोक मशीने बहुधा एकाच धडाची, पंचवीस-सव्वीस किलोंची. आठ आणि ९.८ चे धड सदतीस ते चाळीस किलोंचे. ९.९, १५ आणि २० चे पुढचे धड पंचेचाळिसाच्या पुढे जाते. पंचवीस किलोचे मशीन एक माणूस खांद्यावर टाकून पुळणीवरून घरी नेऊ शकतो, आणि रात्री मशीन घरी नेणे ही चोरीवरची सर्वांत जुनी तोड आहे. पंचेचाळीस किलोला दोन माणसे लागतात, मग ते होडीवरच राहते. शिवाय एवढे वजन अगदी मागच्या टोकाला टांगले की होडीची मागची बाजू बसते, नाळ वर उठते आणि होडी पाणी ओढत चालते.

बसवण्यातही बरेच बिघडते. मशीन घेण्याआधी होडीच्या मागच्या फळीची उंची मोजावी: वरच्या कडेपासून तळाच्या खालच्या कडेपर्यंत सरळ उभी. पंधरा इंच आली तर आखूड शाफ्ट, वीस आली तर लांब. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली राहायला हवी. ती वर राहिली तर लाटेवर होडी डोलताच पंखा हवा ओढतो, मशीन एकदम किंचाळते आणि रेटा नाहीसा होतो; फार खाली गेली तर शाफ्टचा दांडा पाण्यात ओढला जातो आणि मशीनचे डोके लाटेच्या जवळ येते. उघड्या समुद्रात डोलणाऱ्या होडीला लांब शाफ्टच बरा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात उलांडीच्या, दोन्ही टोके निमुळती असलेल्या होड्या आहेत. त्यांना मागची फळीच नसते, म्हणून मशीन बाजूच्या आडव्या लाकडावर किंवा लोखंडी चौकटीवर बसते. तिथे हे मोजमाप जास्तच काळजीने करावे लागते, कारण होडी मशीनच्या बाजूला कलली तर पट्टी बुडते आणि उलट कलली तर पंखा उघडा पडतो. होडीच्या धडावर हे मशीन आगंतुक आहे, त्याला जागा करून द्यावी लागते.

दोन-स्ट्रोक की चार-स्ट्रोक, यावर बंदरावरचे मत बहुतेक दोन-स्ट्रोकच्या बाजूचे असते, आणि त्यात जुन्याचा हट्ट नाही. दोन-स्ट्रोक हलके असते, आठ एचपीचे पंचवीस-तीस किलोंत बसते. त्यात झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तेलाची टाकी नाही. गावातला मिस्त्री पान्याच्या एका संचावर ते उघडतो. समुद्रात बुडालेले मशीन त्याच दिवशी धुऊन चालू करता येते. पण त्याच्या रचनेतच एक गळती आहे. नवे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते तेव्हा धूर जाण्याचे दारही उघडे असते, आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या धर्तीच्या मशीनमध्ये पंचवीस-तीस टक्के इंधन न जळता बाहेर पडते. एका एचपीमागे तासाला ते अर्धा लिटर किंवा थोडे जास्त पिते, तर चार-स्ट्रोकचा खर्च पाव लिटरच्या वर, चाळीस शतांशांच्या आत राहतो. वर पन्नासास एक प्रमाणात तेल, म्हणजे दहा लिटरला दोनशे मिलिलिटर. वर्षभर रोज जाणाऱ्या होडीत हा फरक मशीनची किंमत गिळतो. केरळात दोन-स्ट्रोक मशीन पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवण्याची रीत रुजली ती स्वस्त रॉकेलमुळे. रॉकेल महागले, की ते गणित उरत नाही आणि प्लगवर चढणारा कोळसा तेवढा उरतो. माझा कौल रोज जाणाऱ्या होडीसाठी चार-स्ट्रोकच्या बाजूला पडतो, पण एका अटीवर: त्या मशीनचा इंपेलर, प्लग, इंधनपंप आणि गिअरचे सील जवळच्या बंदरावर मिळाले पाहिजेत. सुटा भाग मुंबईहून यायला आठवडा लागत असेल तर त्या आठवड्यात वाचलेले पेट्रोल कोणाच्याच कामाचे नाही. ज्याची होडी आठवड्यातून दोनदाच जाते, त्याने दोन-स्ट्रोक ठेवले तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

इंधनाची एक नवी अडचण या निवडीत शिरली आहे. देशातल्या पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि बहुतेक आउटबोर्डांच्या पुस्तिका दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. कोकणच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी त्याला हवी तेवढी वाफ पुरवते. पाणी एका मर्यादेपुढे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात, आणि मशीनची नळी तळापासूनच ओढते. दोन-स्ट्रोकमध्ये हे जास्त घातक, कारण मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलात राहते आणि मशीनला खालचा बिनतेलाचा थर जातो. त्यामुळे पाणी वेगळे करणारा फिल्टर नळीवर बसवणे ही चैन राहिलेली नाही. १ जून ते ३१ जुलै ही दोन महिन्यांची मासेमारी बंदी सुरू व्हायच्या आधी टाकी रिकामी करावी आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात चालवावे.

बंदीचा विषय निघालाच आहे तर कायद्याचा एक धागा इथे सांगायला हवा. महाराष्ट्रात पावसाळी बंदी यांत्रिकी नौकांना लागू असते आणि बिगर-यांत्रिकी पारंपरिक नौकांना नसते, म्हणजे वल्ह्याच्या होडीला मशीन लागले की तिची वर्गवारी बदलते. गोव्यात सरकारी आदेशाने दहा एचपीपर्यंतचे आउटबोर्ड लावलेल्या आणि फक्त गिलनेट वापरणाऱ्या नोंदणीकृत होड्यांना या काळात मुभा दिलेली आहे. अमेरिकेतल्या अनेक तलावांवरच्या दहा एचपीच्या मर्यादेखाली बसावे म्हणून ९.९ हा आकडा बाजारात रुळला. गोव्याच्या होडीवाल्याला तोच आकडा वेगळ्या कारणाने सोयीचा पडतो. पंधराचे मशीन घेणारा तिथे पावसाळ्यातली किनाऱ्यालगतची मासेमारी गमावू शकतो, आणि ते नुकसान कुठल्याही वेगाने भरून निघणारे नाही.

विजेच्या मशीनचा विचार थोडक्यात आटोपतो. त्यांचा पंखा मोठा आणि सावकाश असतो, माझ्या मुद्द्याला ती आदर्श आहेत, आणि खाडीतल्या दोन-तीन तासांच्या कामाला ती आजही चालतील. पण एक लिटर पेट्रोलमधून लहान मशीन पंख्याच्या दांड्याला दीडएक युनिट ऊर्जा देते. दहा लिटरच्या कॅनची बरोबरी करायला पंधरा युनिटांची बॅटरी लागेल, तिचे वजन शंभर किलोंच्या वर जाईल. उघड्या समुद्रात जाणाऱ्या होडीला ते आज तरी पेलणारे नाही.

राहिली ती चाचणी, आणि ती पैसे देण्याआधी व्हावी. होडीत नेहमीची जाळी, बर्फ आणि माणसे भरून, प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर लावून, पूर्ण थ्रॉटलला मशीन किती फेरे घेते ते पाहावे. पुस्तिकेत पाच ते सहा हजारांची पट्टी दिलेली असेल आणि मशीन बेचाळीसशेवरच अडत असेल, तर पंख्याचे पिच जास्त आहे. मशीन गुदमरते आहे. एक इंच पिच कमी केले की साधारण दोनशे फेरे वाढतात, तेव्हा विक्रेत्याकडून कमी पिचचे, मिळत असेल तर मोठ्या व्यासाचे, दोन पंखे मागून घ्यावेत आणि त्याच दिवशी बदलून पाहावेत. जो पंखा लावल्यावर भरलेल्या होडीत मशीन पट्टीच्या वरच्या भागात पोहोचेल तो बिलावर लिहून घ्यावा, जुना सुटा म्हणून होडीत ठेवावा, आणि थांबवण्याची लाल दोरी मनगटाला बांधूनच पुढची फेरी सुरू करावी.